दुःखितांचें सांत्वन : लॅटिनो धर्मबंधूंपासून घ्यावयाचा धडा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या स्थापनेस पन्नास वर्षें पूर्ण झालीं. या मंगल प्रसंगीं मंदिराच्या बांधणीचा, पूर्वीच्या धर्मगुरूंच्या श्रमांचा व आपल्या वाडवडिलांच्या औदार्याचा गौरव पुष्कळ वक्त्यांनीं केला आहे, व तो योग्यच आहे. महोत्सव समितीनें माझ्याकडे मात्र निराळा विषय सोंपविला. या वर्षाचें स्मारक म्हणून धर्मग्रामांत एक सांत्वन मंडळ स्थापावें, मनाच्या आजारानें पीडलेल्यांस व त्यांच्या घरच्यांस त्याचा आधार व्हावा, असा ठराव झाला आहे. असें कार्य इतरत्र आपल्या धर्मबंधूंनीं कसें केलें तें सांगावें, अशी समितीची आज्ञा झाली. त्यासाठीं मी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लॅटिनो लोकांचें उदाहरण निवडलें आहे. इतक्या दूरचें उदाहरण कां निवडलें, तें पुढें आपोआप कळेल.

परंतु आरंभीं मला एक कबुली दिली पाहिजे. कित्येक वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना, सकाळची मिस्सा आटोपल्यावर एक आई माझ्याकडे आली. म्हणाली, “फादर, पोरगा रात्रभर झोपत नाहीं. जेवण टाकलें आहे. भिंतीकडे तोंड करून बसून राहतो.” मीं तिच्या मस्तकावर हात ठेवला, रोझरीची प्रार्थना करावयास सांगितलें, देव बरें करील असें म्हटलें आणि न्याहारीस निघून गेलों. प्रार्थना सांगितली यांत कांहीं चुकलें नाहीं. ती सांगितली म्हणजे माझें कर्तव्य संपलें असें मीं मानलें, तें चुकलें. तीन आठवड्यांनीं कळलें कीं, मुलगा इस्पितळांत आहे, मनाच्या डॉक्टरांचें औषध चालू आहे व त्यास उतार पडत आहे. त्यास तेथें कोणी नेलें? शेजारच्या, भाजी विकणाऱ्या एका बाईनें. ती रोज संध्याकाळीं त्या घरच्या ओट्यावर जाऊन बसे. उपदेश करीत नसे, चौकशीही फारशी करीत नसे. आठव्या दिवशीं ती त्या आईस म्हणाली, “चल, मी येतें बरोबर.” आणि पहिल्या मोटारीनें तीं तिघें निघालीं. सेमिनरींत वर्षानुवर्षें तत्त्वज्ञान व ईश्वरज्ञान शिकलेल्या मला जें सुचलें नाहीं, तें त्या बाईस सुचलें. आज जें कांहीं सांगणार आहें, तें सारें त्या ‘चल, मी येतें बरोबर’ या शब्दांचेंच विवरण आहे असें समजा.

लॅटिनो म्हणजे कोण, हें थोडक्यांत सांगतों. मेक्सिको, पोर्तो रिको, क्यूबा, ग्वाटेमाला, एल साल्व्हादोर आदि देशांतून आलेले किंवा तेथील पूर्वजांचे वंशज असलेले जे लोक संयुक्त संस्थानांत राहतात, त्यांस हें नांव आहे. ते सर्वच बाहेरून आलेले आहेत असें नाहीं. १८४८ च्या तहानें मेक्सिकोचा विस्तीर्ण प्रदेश अमेरिकेकडे गेला, तेव्हां तेथील लोक घर न सोडतां परक्या राष्ट्रांत येऊन पडले. पोर्तो रिको बेट १८९८ सालीं अमेरिकेच्या हातीं आलें. १९४२ पासून १९६४ पर्यंत मेक्सिकोंतील लाखों मजूर करारानें तिकडील शेतांत राबले. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबांतून व पुढें यादवी युद्धांमुळें मध्य अमेरिकेंतून निर्वासितांच्या रांगा आल्या. २०२० च्या शिरगणतींत या लोकांची संख्या सुमारें ६ कोटि २१ लक्ष भरली. म्हणजे शंभर रहिवाशांत जवळजवळ १९. २०२२ च्या एका पाहणींत त्यांतील प्रौढांपैकीं ४३ टक्के लोकांनीं आपण कॅथलिक असल्याचें सांगितलें. १२ वर्षांपूर्वीं हेंच प्रमाण ६७ टक्के होतें, हेंही सत्य लपवावयाचें कारण नाहीं.

या लोकांस मनाचे आजार इतरांहून फार अधिक होतात असें नव्हे. मोठा भेद आहे तो उपचार मिळण्यांत. सरकारी पाहणीप्रमाणें २०२१ सालीं मनाचा आजार असलेल्या गौरवर्णीय प्रौढांपैकीं सुमारें ५२ टक्क्यांस कोणता ना कोणता उपचार मिळाला. लॅटिनो प्रौढांपैकीं मात्र सुमारें ३६ टक्क्यांसच. कोणाजवळ पैसा नाहीं, कोणाचा विमा नाहीं, कोणाची रोजी बुडते. ज्याच्याजवळ राहण्याचा परवाना नाहीं, त्यास कागदावर नांव लिहून देण्याचेंच भय वाटतें. त्याखेरीज लोकलज्जा आहे. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीला स्पॅनिश भाषेंत ‘एल के दिरान’ असें नांवच आहे. मळके कपडे घरींच धुवावे अशी त्यांची म्हणही आहे. झांकली मूठ सव्वा लाखाची म्हणणाऱ्या आपणांस ती म्हण परकी वाटावयाची नाहीं.

सर्वांत मोठी अडचण भाषेची. मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेनें कांहीं वर्षांपूर्वीं केलेल्या पाहणींत, स्पॅनिश भाषेंत उपचार करूं शकणारे शंभरांत अवघे पांच-सहा जण निघाले. मग दुभाषी कोण? पुष्कळदां घरांतील मूल, कारण शाळेंत जाऊन इंग्रजी तेंच शिकलेलें असतें. क्षणभर तें चित्र डोळ्यांपुढें आणा. आईला जगणें नकोसें झालें आहे, आणि तें वाक्य तिच्या दहा वर्षांच्या मुलीनें ऐकावें व तिनेंच डॉक्टरास परभाषेंत सांगावें! कोणती आई असें बोलेल? ती म्हणते, “डोकें दुखतें.” डॉक्टर डोकेदुखीची गोळी देतात आणि ती घरीं परत येते.

शिवाय भाषा म्हणजे केवळ शब्दकोश नव्हे. या लोकांतील एखादी बाई ‘मला उदासीनतेचा विकार जडला आहे’ असें कधीं म्हणावयाची नाहीं. ती म्हणते, मला ‘नेर्व्हियोस’ आहेत, म्हणजे माझ्या शिरा व माझा जीव थाऱ्यावर नाहीं. एकादा मोठा धसका बसून आत्मा देहांतून निसटला, अशी समजूत असेल तर ती ‘सुस्तो’ म्हणते. मृत्यूची वार्ता ऐकतांच किंचाळणें, थरथरणें, छातींतून मस्तकापर्यंत उष्णतेची लाट चढणें, यास ‘आताके दे नेर्व्हियोस’ म्हणतात. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकन लष्करी डॉक्टरांनीं पोर्तो रिकोच्या शिपायांत हे झटके पाहिले, तेव्हां त्यांस त्या बेटाच्याच नांवाचा रोग ठरवून ते मोकळे झाले. पुढील अभ्यासकांनीं दाखवून दिलें कीं, हा शोक व्यक्त करण्याचा त्या लोकांचा रिवाज आहे. कधीं त्याच्या पोटीं खरा आजार असतो, कधीं नसतो. २०१३ सालीं अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेनें आपल्या निदानग्रंथाची पांचवी आवृत्ति काढली, तींत या तिन्ही नांवांस जागा मिळाली. इतकेंच नव्हे, तर रोग्यास विचारावयाच्या सोळा प्रश्नांची एक प्रश्नावलीही तींत आहे. तुमच्या या दुःखाला तुमचीं माणसें काय म्हणतात? तें कशामुळें आलें असें तुम्हांस वाटतें? आजवर कोणाची मदत घेतली? अशा आशयाचे ते प्रश्न आहेत. आपल्याकडेही ‘जीव घाबरा होतो’, ‘नजर लागली’, ‘बाहेरचें झालें’ असें बोलणारीं माणसें आहेत. त्यांस हसणारा मनुष्य त्यांचें पुढचें वाक्य कधींच ऐकत नाहीं.

आतां उपाय पाहूं. लॅटिन अमेरिकेंतील खेड्यांत डॉक्टर क्वचित् येत, म्हणून गांवांतीलच एका विश्वासू बाईस आरोग्याचें प्राथमिक शिक्षण देण्याची पद्धति पडली. तिला ‘प्रोमोतोरा’ म्हणतात. आपण तिला आरोग्यसखी म्हणूं. संयुक्त संस्थानांत आलेल्या लोकांबरोबर ही पद्धतिही आली. टेक्सास संस्थानानें १९९९ पासून कायदे करून अशा कामाचें शिक्षण व प्रमाणपत्र ठरवून दिलें. लॉस एंजलिस परगण्याच्या मानसिक आरोग्य खात्यानें तर केवळ मनाच्या आरोग्यासाठीं अशा सख्या तयार केल्या.

ही आरोग्यसखी काय करते? ती त्याच आळींत राहते, त्याच बाजारांत जाते, पुष्कळदां त्याच मंदिरांत गुडघे टेंकते. प्रथम ती ओळख वाढविते. त्या लोकांत ‘कॉन्फियान्सा’ हा शब्द फार मोलाचा आहे. त्याचा अर्थ विश्वास; पण तो पदवीनें मिळत नाहीं, वारंवार येण्याजाण्यानें मिळतो. मग ती आपल्या स्वयंपाकघरांत किंवा मंदिराच्या सभागृहांत आठ-दहा बायकांस जमवून साध्या शब्दांत बोलते. झोप उडणें, सतत रडूं येणें, दारू वाढणें हा स्वभावाचा दोष नसून आजाराचें चिन्ह असूं शकतें, असें सांगते. कोणास अधिक मदत हवी असें दिसलें, तर नुसता पत्ता देऊन ती थांबत नाहीं. वेळ ठरवून देते, बरोबर जाते, बाहेर बांकावर बसते, आणि पुढच्या आठवड्यांत पुन्हां दार वाजविते. ती स्वतः उपचार करूं पाहत नाहीं. रोगी आणि वैद्य यांच्यामध्यें जी दरी असते, तिच्यावरचा ती साकव आहे.

नॉर्थ कॅरोलायना संस्थानांत स्थलांतरित स्त्रियांसाठीं असें एक कार्य झालें. त्याचें नांव ‘आल्मा’. स्पॅनिश भाषेंत आल्मा म्हणजे आत्मा. आणि हीं ज्या शब्दांचीं आद्याक्षरें आहेत त्यांचा अर्थ ‘आत्म्यास उभारी देणाऱ्या लॅटिनो मैत्रिणी’ असा होतो. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालांत एक मनोरम गोष्ट आढळते. ज्या स्त्रियांनीं इतरांच्या मदतीसाठीं शिक्षण घेतलें, त्यांच्या स्वतःच्याच उदासीनतेचीं लक्षणें कमी झालीं. दुसऱ्याचा दिवा लावावयास जाणाऱ्याची वाटही उजळते, ती अशी.

परंतु एकटी सखी पुरत नाहीं. तिच्या मागें संस्था लागते. कॅलिफोर्नियांतील ओकलंड शहरांत १९७१ सालीं ‘ला क्लिनिका दे ला रासा’ हा दवाखाना निघाला, व १९७८ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागांत ‘इन्स्तितुतो फामिलियार दे ला रासा’ ही संस्था स्थापन झाली. येथें मनाचे उपचार स्पॅनिश भाषेंत होतात, कुटुंबास बाहेर न ठेवतां आंत घेतलें जातें. इतकेंच काय, नोव्हेंबर महिन्यांत मृतांच्या स्मरणार्थ फुलें, मेणबत्त्या व तसबिरी मांडून वेदी सजविण्याचा त्या लोकांचा जो रिवाज आहे, त्यासही सांत्वनाच्या कामांत स्थान दिलें जातें. आपणही २ नोव्हेंबरास आपल्या मृतांच्या थडग्यांवर दिवे लावतों. ज्यानें आपल्या माणसाचा शोक मनमोकळा केला नाहीं, त्याच्या मनांत तो शोक कुजतो, हें आपल्या वाडवडिलांस वैद्यकशास्त्रावांचून ठाऊक होतें.

गोष्टी व म्हणी यांचाही त्यांनीं असाच उपयोग केला. १९८६ सालीं न्यूयॉर्कच्या तीन मानसशास्त्रज्ञांनीं पोर्तो रिकन मुलांवरील एका उपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मुलांच्या आयांनीं आपल्या बेटावरील लोककथा त्यांस वाचून दाखवावयाच्या व मग त्यांवर बोलावयाचें, असा तो उपचार होता. त्यानें मुलांच्या मनांतील चिंता कमी झाल्याचें आढळलें. औषधाच्या बाटलींत जें मावत नाहीं, तें कधीं कधीं आजीच्या गोष्टींत मावतें.

बंधुभगिनींनो, हें सर्व ऐकतांना मला ग्वादालुपेच्या देवमातेची आठवण होते. परंपरा सांगते कीं, १५३१ च्या डिसेंबरांत तेपेयाकच्या टेकडीवर ती हुआन दिएगो या गरीब आदिवासीस दिसली. त्याचा काका मरणोन्मुख झाला होता. काकासाठीं धर्मगुरूस आणावयाची घाई, म्हणून तो देवमातेस चुकवून दुसऱ्या वाटेनें निघाला. तिनें त्यास दोष दिला नाहीं. ती स्वतः टेकडी उतरून त्याच्या वाटेवर आली, त्याचें दुःख प्रथम ऐकून घेतलें, आणि राज्यकर्त्यांच्या स्पॅनिश भाषेंत नव्हे, तर त्याच्या घरच्या नाहुआत्ल भाषेंत त्याचें सांत्वन केलें. सांत्वनाचें सारें शास्त्र या एका प्रसंगांत आहे. मराठी ख्रिस्ती जनांस हें नवें नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं ख्रिस्तपुराण छापलें, तें याच जाणिवेनें कीं, तारणाची वार्ता लोकांच्या कानांवर त्यांच्याच भाषेंतून पडली पाहिजे.

ख्रिस्तसभाही या विषयांत गप्प राहिलेली नाहीं. कॅलिफोर्नियाच्या बिशपांनीं २०१८ सालीं मनाच्या आजारांविषयीं पत्र काढलें. १० ऑक्टोबर २०२३ रोजीं तेथील बिशपमंडळानें या कार्यासाठीं राष्ट्रीय मोहीम सुरू केली. १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ तर स्पष्ट शिकवितो कीं, तीव्र मानसिक पीडेनें मनुष्याची जबाबदारी कमी होऊं शकते, आणि ज्यांनीं स्वतःचा प्राण घेतला त्यांच्या तारणाविषयीं आपण निराश होऊं नये. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठीं प्रार्थना करते. ज्या घरावर असा वज्राघात झाला असेल, त्या घराकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपणांपैकीं कोणासही नाहीं, मला तर मुळींच नाहीं.

या कार्याच्या अडचणीही सांगितल्या पाहिजेत. देणग्या व अनुदानें संपलीं कीं सख्यांचें वेतन थांबतें. इंग्रजी न येणाऱ्यांस सरकारी सेवा समजेल अशा रीतीनें द्यावी, असा राष्ट्राध्यक्षांचा हुकूम २००० सालीं निघाला होता. तो मार्च २०२५ मध्यें रद्द झाला. हद्दपारीच्या भयानें कित्येक कुटुंबें दार उघडीत नाहींत. आणखी एक गोष्ट. स्पॅनिश बोललें कीं सर्व कांहीं साधलें असेंही नाहीं. ग्वाटेमालाच्या डोंगरांतून आलेल्या माया लोकांची भाषा माम किंवा किचे असते. त्यांस स्पॅनिशही परकीच. आपल्या वसईच्या पट्टींतही घरांत कोणी कादोडी बोलतो, कोणी वाडवळी, आणि दुःख झालें कीं पुस्तकी मराठी गळून पडते. तेव्हां दुःखिताजवळ बसणाऱ्यानें त्याची घरची बोली ऐकावयास शिकलें पाहिजे.

कोणी विचारील, हें सारें अमेरिकेंत, येथें काय? तर येथेंही पुरावा आहे, आणि तोही शेजारच्या गोव्याचा. तेथील दवाखान्यांत वैद्यकीय पदवी नसलेल्या, परंतु नीट शिकविलेल्या समुपदेशकांनीं उदासीनतेच्या व चिंतेच्या रोग्यांस मदत केली. २०१० सालीं त्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सरकारी दवाखान्यांत तरी या मदतीनें बरे होणाऱ्यांचें प्रमाण वाढलें, असा तो निष्कर्ष आहे. सरकारनेंही ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही दूरध्वनीसेवा चालू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठींतही बोलतां येतें. हा आंकडा प्रत्येकानें घरच्या पंचांगाशेजारीं लिहून ठेवावा.

आतां आपल्या मंडळाविषयीं माझ्या चार विनंत्या ऐका. पहिली : मंडळाचीं माणसें मोठ्या नांवाचीं नसावींत, विश्वासाचीं असावींत. ज्यांच्या ओट्यावर लोक आपण होऊन बसतात, त्यांस शोधा. दुसरी : ऐकलेलें पोटांत ठेवा. पापनिवेदनाची मोहोर धर्मगुरूस जशी बंधनकारक, तशी या कामांत गुप्तता सर्वांस बंधनकारक माना. अपवाद एकच. कोणाच्या जिवास धोका दिसला, तर विलंब न लावतां घरच्यांस व डॉक्टरांस कळवा. तिसरी : आपण वैद्य नाहीं, हें विसरूं नका. चालू औषध बंद करा असें कोणासही सांगूं नका. उलट बरोबर जा. चौथी : घरच्यांस विसरूं नका. रोग्याची शुश्रूषा करणारी बायको किंवा आई हळूंहळूं स्वतः खचते; तिला एक दुपार विसावा मिळाला तरी तें मोठें पुण्य आहे.

आणि प्रार्थनेचें काय? प्रार्थना तर आहेच. प्रभु येशूनें गेथसेमनीच्या बागेंत जीव कासावीस झाला असतां पित्याची प्रार्थना केली. परंतु त्याच वेळीं आपल्या तीन मित्रांस जवळ थांबून जागें राहावयास सांगितलें. देवपुत्रास मनुष्याच्या सोबतीची गरज भासली, तर ती आपणांस भासण्यांत कमीपणा कसला? ते मित्र झोंपीं गेले. मीही एके सकाळीं न्याहारीस निघून गेलों होतों. आपलें मंडळ जागें राहो.

पन्नास वर्षांपूर्वीं आपल्या लोकांनीं दगडावर दगड रचून हें मंदिर उभारलें. पुढील पन्नास वर्षांत कोणी विचारील कीं, सुवर्णमहोत्सवाच्या सालीं तुम्हीं काय बांधलें, तर आपणांस सांगतां यावें : आम्हीं घराघरांमध्यें एक वाट बांधली. कोणाच्या घरीं रात्र मोठी झाली, तर त्या वाटेनें कोणी तरी येतें, ओट्यावर बसतें, आणि म्हणतें, “चल, मी येतें बरोबर.”

दुःखितांचें सांत्वन करणारी पवित्र मरिया आपणां सर्वांसाठीं विनंति करो. आमेन.